आठ रिआलचं नाणं विकत घेण्याआधी

एका तरुण संग्राहकाने विचारलं आहे: "माझ्याकडे शिवराया आहेत, सुरती रुपये आहेत, ब्रिटिश काळातले रुपये आहेत. आता स्पॅनिश वसाहतींमधली दुर्मीळ चांदीची नाणी जमवायची आहेत. एक विक्रेता १७८३ सालचं मेक्सिकोचं आठ रिआल पंचेचाळीस हजारांना देतो आहे. दोनशे चाळीस वर्षं जुनं आहे, म्हणून दुर्मीळ, असं त्याचं म्हणणं. घेऊ का? आणि या विषयाची सुरुवात कुठून करू?"

आधी या नाण्याचं सांगतो. या भावाला घेऊ नका. १७८३ सालचं मेक्सिको टाकसाळीचं आठ रिआल, कस तपासणाऱ्यांच्या 'एफ एफ' अक्षरांचं, हे या संपूर्ण मालिकेतल्या सर्वांत सहज मिळणाऱ्या नाण्यांपैकी एक आहे. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. जानेवारी १७८४ मध्ये 'एल काझादोर' नावाचं स्पॅनिश जहाज व्हेराक्रूझहून न्यू ऑर्लिन्सला निघालं. लुइझियाना तेव्हा स्पेनकडे होतं आणि तिथली चलनव्यवस्था सावरण्यासाठी सुमारे साडेचार लाख पेसो चांदी जहाजावर चढवली होती. जहाज वाटेत बेपत्ता झालं. १९९३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'मिस्टेक' नावाच्या मासेमारी बोटीचं जाळं तळाशी कशात तरी अडकलं, वर ओढलं तर त्यात चांदीची नाणी. त्या जहाजातली बहुतेक नाणी १७८३ सालची मेक्सिकोची होती आणि ती तेव्हापासून बाजारात येत राहिली आहेत. त्यातली पुष्कळशी समुद्राने खाल्लेली असतात, राजाचा चेहरा गुळगुळीत झालेला, वजन घटलेलं. तुम्हाला दाखवलेल्या नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत का ते भिंगाखाली बघा. असतील तर ते बहुधा पाण्यातून आलेलं आहे. नसतील, तरी तुम्हाला सांगितलेल्या रकमेत त्याच काळातली दोन-तीन चांगली नाणी येतील.

हे विस्ताराने सांगितलं, कारण वयाचा आणि दुर्मिळतेचा काही संबंध नाही ही गोष्ट या विषयात सगळ्यात आधी पक्की व्हायला हवी. मेक्सिकोच्या टाकसाळीतून अठराव्या शतकात कोट्यवधी नाणी बाहेर पडली. ती चीनपासून अमेरिकेपर्यंत चालली. अमेरिकेत तर १८५७ पर्यंत ती कायदेशीर चलन होती. दुर्मिळता ठरते चार गोष्टींवर: टाकसाळ कोणती, साल कोणतं, कस तपासणाऱ्याची अक्षरं कोणती, आणि नाणं कोणत्या अवस्थेत आहे. पहिल्या तीन गोष्टी नाण्यावरच लिहिलेल्या असतात, चौथी डोळ्यांना दिसते. त्या वाचता आल्या की विक्रेत्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

आठ रिआल म्हणजे जवळजवळ २७ ग्रॅम, आपल्या हिशेबात सव्वादोन तोळ्यांपेक्षा थोडं जास्त. व्यास ३८ ते ४० मिलिमीटर. चांदीचा कस मात्र तीनदा उतरवला गेला. १७२८ पर्यंत हजारात सुमारे ९३०, नंतर ९१७, १७७२ नंतर ९०३ आणि १७८६ नंतर ८९६. शेवटचे दोन उतार राजाने गुप्त हुकमाने केले. १७७२ मध्ये नाण्याचं रूप पूर्ण बदललं, राजाचा चेहरा आला, आणि नव्या रूपाच्या आडून आत चांदी कमी झाली.

रूपांचे ढोबळ तीन टप्पे लक्षात ठेवा. पहिला हातोड्याने ठोकलेल्या वेड्यावाकड्या नाण्यांचा, ज्यांना बाजारात 'कॉब' म्हणतात. दुसरा १७३२ पासून १७७२ पर्यंतचा, यंत्रावर पाडलेली गोल नाणी: एका बाजूला मुकुटाखाली राजचिन्ह, दुसऱ्या बाजूला समुद्राच्या लाटांवर दोन खांब आणि त्यांच्या मध्ये पृथ्वीचे दोन गोलार्ध. भोवती लॅटिनमध्ये 'उत्राक्वे ऊनुम', म्हणजे दोन्ही मिळून एक. जुनं जग आणि नवं जग एकाच राजाचं, असा तो दावा. तिसरा टप्पा १७७२ पासून वसाहतींच्या स्वातंत्र्ययुद्धांपर्यंत, राजाच्या चेहऱ्याचा.

टाकसाळीची खूण शोधायची सवय लावून घ्या. मेक्सिकोची खूण म्हणजे 'एम' आणि त्याच्या डोक्यावर छोटा 'ओ'. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची 'पी', आणि यंत्राच्या काळात पी, टी, एस ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली. लिमाचीही अशीच गुंफण. चिलीतल्या सांतियागोचा 'एस'वर छोटा 'ओ'. बोगोताची 'एन आर', म्हणजे नुएव्हो रेइनो, नवं राज्य. ग्वाटेमालाची 'जी', आणि पुढे 'एन जी'. हा बदल भूकंपामुळे झाला. १७७३ च्या भूकंपांनी ग्वाटेमालाचं जुनं शहर उद्ध्वस्त केलं, राजधानी नव्या जागी हलवली, टाकसाळही गेली, आणि नाण्यावर 'नवं ग्वाटेमाला' आलं. दोन अक्षरांत एका शहराचा शेवट नोंदलेला आहे. माझ्याकडे 'जी' आणि 'एन जी' ही दोन नाणी शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत, आणि संग्रह दाखवायची वेळ आली की मी तिथूनच सुरुवात करतो.

खरी दुर्मीळ नाणी कोणती म्हणाल, तर बोगोता आणि सांतियागोची खांबांची आठ रिआल. बोगोताची १७५९ आणि १७६२ सालची नाणी क्वचितच लिलावात येतात. मेक्सिकोचं १७३२ सालचं, म्हणजे खांबांच्या नाण्याचं पहिलंच वर्ष, तेही तसंच. पोतोसी आणि लिमाची 'रॉयल' म्हणून ओळखली जाणारी नाणी: कॉबच्या काळात मुद्दाम गोल चकतीवर, काळजीने ठोकलेली, भेट द्यायला किंवा दाखवायला केलेली. त्यांना बहुतेकदा भोक पाडलेलं असतं, कारण लोकांनी ती गळ्यात घातली. पोतोसीला हृदयाच्या आकाराचीही नाणी केली गेली. आणि सगळ्यात वर, स्पेनचा राजा कार्लोस आणि त्याची आई हुआना यांच्या नावाचं मेक्सिकोचं अगदी आरंभीचं आठ रिआल. मेक्सिकोची टाकसाळ १५३६ मध्ये सुरू झाली, त्या पहिल्या वर्षांतलं हे नाणं, जगात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकंच उरलेलं. ही नाणी तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाहीत. पण माहीत हवीत, कारण बनावट करणारेही हीच निवडतात.

आवाक्यातली पण खरोखर वेचक नाणीही आहेत, आणि मला स्वतःला तीच जास्त आवडतात. १७७२ आणि १७७३ च्या मेक्सिकोच्या काही नाण्यांवर टाकसाळीची खूण आणि तपासनिसांची अक्षरं उलटी, डोकं खाली अशी आहेत. १७८९ आणि १७९० सालची नाणी घ्या. तिसरा कार्लोस डिसेंबर १७८८ मध्ये वारला. नव्या राजाच्या चेहऱ्याचे ठसे समुद्रापार पोचायला वेळ लागणार होता, तोवर टाकसाळ थांबवता येत नव्हती. म्हणून नाव चौथ्या कार्लोसचं आणि चेहरा मेलेल्या बापाचा, अशी नाणी पडली. पुढे १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा सातव्या फर्नांदोला कैदेत ठेवलं. वसाहतींनी त्याच्या नावाने नाणी पाडायला घेतली, पण त्याचं चित्र कोणाकडेच नव्हतं. लिमाच्या कारागिराने १८०८ ते १८११ मधल्या नाण्यांवर जो राजा कोरला, तो निव्वळ मनातला आहे. मेक्सिकोच्या कारागिराने चिलखत घातलेला राजा काढला, तोही कल्पनेतलाच. दोन्ही नाणी जवळ ठेवून बघा, एकाच माणसाचे चेहरे वाटणार नाहीत.

आता कॉबबद्दल, कारण शिवराई जमवणाऱ्या माणसाला कॉब कळायला वेळ लागत नाही. शिवराईवर 'श्री / राजा / शिव' या तिन्ही ओळी पूर्ण उमटलेलं नाणं किती शोधावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. इथेही तेच. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडायचा, कातरीने कापून वजनाला आणायचा, ठशावर ठेवून हातोडा मारायचा. आकार कसाही, वजन नेमकं. त्यामुळे साल आणि अक्षरं अर्धीच उमटतात, आणि जेवढं उमटलं तेवढी किंमत.

नाणं वाचायला शिकण्यासाठी पोतोसीचं १६५२ नंतरचं कॉब मला आदर्श वाटतं. माझ्याकडच्या एकाचं वर्णन करतो. एका बाजूला क्रूस, त्याच्या चार कोपऱ्यांत किल्ले आणि सिंह. दुसऱ्या बाजूला लाटांवर दोन खांब, आणि खांबांमधून आडव्या तीन ओळी. पहिल्या ओळीत 'पी', मग ८, मग 'ई'. म्हणजे टाकसाळ, किंमत आणि कस तपासणारा. मधली ओळ 'प्लुस उल्त्रा' (आणखी पलीकडे, हे स्पेनचं ब्रीद), तीन तुकड्यांत. तिसऱ्या ओळीत 'ई', सालाचे शेवटचे दोन आकडे, आणि पुन्हा 'पी'. वरची ओळ हातोड्याखालून निसटली तरी खालची उरते. माझ्या नाण्यावर वरचा कोपरा पूर्ण कोरा आहे, तरी खालच्या ओळीवरून सगळं वाचता येतं. नाण्याच्या कडेने साल आणखी एकदा येतं, क्रूसाच्या बाजूलाही. एकच गोष्ट एवढ्या ठिकाणी का लिहिली?

कारण त्याआधी मोठा घोटाळा झाला होता. पोतोसीच्या टाकसाळीत वर्षानुवर्षं चांदीत तांबं जास्त घातलं जात होतं. राजाने नेस्तारेस मारिन नावाचा अधिकारी पाठवला. फ्रान्सिस्को गोमेझ दे ला रोचा या बड्या चांदी व्यापाऱ्याला १६५० मध्ये देहदंड झाला. हलक्या कसाच्या नाण्यांची किंमत उतरवली, चालू नाण्यांवर मुकुटाचे छोटे शिक्के मारले, आणि १६५२ पासून हे नवं रूप आलं, ज्यात जबाबदार माणसाचं अक्षर पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे. 'ई' म्हणजे एर्गेता, घोटाळ्यानंतर आलेला तपासनीस. ते मुकुटाचे शिक्के मारलेली संक्रमणकाळातली नाणी आज फार शोधली जातात.

आणि एक गोष्ट मला नेहमी आठवते. ही चांदी ज्या डोंगरातून आली, त्या डोंगरात १५७० च्या दशकापासून 'मिता' या सक्तीच्या पाळीवर आदिवासी माणसं उतरवली जात. चांदी काढायला पारा वापरत, आणि तो पारा हाताळणाऱ्याचा जीव घेई. नाणं हातात घेतलं की हे बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये.

नकली नाण्यांवर थोडं थांबतो, कारण पैसे तिथेच बुडतात. मी स्वतः बुडवले आहेत. संग्रहाला सुरुवात करून चार-पाच वर्षं झाली होती. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून १७४१ सालचं मेक्सिकोचं खांबांचं नाणं घेतलं. चेहरामोहरा सुरेख, अक्षरं ठसठशीत, वजन २६.८ ग्रॅम. घरी आल्यावर कड बघितली आणि पोटात गोळा आला. खांबांच्या नाण्याच्या कडेवर फुलं आणि पानांची वेल असते. ही वेल नाणं छापायच्या आधी दोन पट्ट्यांमध्ये चकती फिरवून उमटवत. त्यामुळे अस्सल नाण्यावर कडेला समोरासमोर दोन ठिकाणी वेलीची टोकं एकमेकांवर थोडी चढलेली दिसतात. माझ्या नाण्यावर वेल कुठेच चढलेली नव्हती, आणि कडेच्या मधोमध एक बारीक रेघ कानशीने घासून पुसायचा प्रयत्न केलेला होता. ओतीव नाणं. दोन्ही अर्ध्या साच्यांचा जोड होता तो.

मग मी पाण्याची चाचणी केली, जी तुम्हीही घरी करू शकता. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणारा सराफी काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा. पेल्याच्या तळाला किंवा कडेला लागू देऊ नका, नाण्याला बुडबुडे चिकटू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. १७७२ नंतरच्या अस्सल आठ रिआलला उत्तर १०.३ च्या आसपास येतं, जुन्या जास्त कसाच्या नाण्याला किंचित जास्त. २७ ग्रॅमच्या नाण्याला पाण्यातला आकडा २.६ च्या जवळ हवा. माझ्या नाण्याचा ३.०८ आला, भागाकार ८.७. त्यात चांदी नावालाच होती. विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. ते नाणं मी फेकलं नाही. नवं नाणं घेताना अजून शेजारी ठेवून बघतो.

चेहऱ्याच्या नाण्यांची कड वेगळी असते, तिच्यावर गोल आणि चौकोन एकाआड एक येतात. जोड तिथेही तसाच शोधायचा. त्यापुढची पायरी म्हणजे राजा आणि साल जुळतात का हे बघणं. चौथा कार्लोस डिसेंबर १७८८ ते १८०८. १७८० सालच्या नाण्यावर चौथ्याचं नाव असेल तर पुढे काही तपासायलाच नको. मेक्सिकोची अक्षरंही काळाला बांधलेली आहेत: १७७७ च्या सुमारास 'एफ एम' जाऊन 'एफ एफ' आली, १७८४ मध्ये 'एफ एम' परतली. स्वस्त नकलांमध्ये अशा चुका सर्रास सापडतात. चांगल्या चांदीत केलेल्या नकला मात्र पाण्याच्या चाचणीत पास होतात. तिथे सराफाकडच्या टंच काढायच्या क्ष-किरण यंत्राची मदत होते. जुन्या वसाहती चांदीत सोन्याचा आणि शिशाचा अल्पसा अंश राहून जातो. आजची विजेने शुद्ध केलेली चांदी त्या बाबतीत फार स्वच्छ असते. जुनं नाणं आणि त्यात सोन्याचा मागमूस नाही, असं दिसलं तर थांबा.

त्याच काळात केलेली नकली नाणीही असतात, आणि त्यांचा वेगळा संग्रह करणारे लोक आहेत. न्यू ऑर्लिन्समध्ये जे. एल. रिडेल या माणसाने १८४५ मध्ये चांदीच्या डॉलरच्या खऱ्या-खोट्या प्रकारांवर एक अख्खं पुस्तक काढलं होतं, इतकी ती चालत.

नाण्यावर बारीक बारीक शिक्के ठोकलेले दिसले तर घाबरू नका. मनिलामार्गे ही चांदी चीनला जाई आणि तिथले व्यापारी कस तपासून आपली खूण ठोकत. नाणं अस्सल असेल तर अशा खुणांसाठी आवर्जून घेणारे संग्राहक आहेत.

तुमच्या मनात हेही असेल की ही चांदी आपल्याकडेही आली होती, मग इथे सापडत का नाही. आली होती, भरपूर आली होती. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांवर स्पॅनिश रिआल असत. इंग्रज आणि डच सुरतेला याच चांदीच्या पेट्या उतरवत. पोर्तुगीज या नाण्याला पताका म्हणत आणि मकावच्या चलनाचं नाव त्यावरूनच पडलं. पण मुघल अमलात परकी नाणं बाजारात चालत नसे. ते टाकसाळीत जाई, वितळे आणि रुपया होऊन बाहेर येई. एका आठ रिआलमध्ये चांदी साधारण सव्वादोन रुपयांची. तुमच्या संग्रहातल्या सुरती रुपयांत पोतोसीची चांदी असण्याची शक्यता चांगली आहे. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट आपल्या बायकांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होऊन टिकलं, रिआल मात्र मुशीत गेलं. म्हणून 'कोकणात जुन्या वाड्याच्या पायात सापडलं' अशी कहाणी कोणी रिआलबरोबर विकू लागला तर कहाणीचे पैसे देऊ नका. शिवाय जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कहाणी खरी असली तर ती आणखी अडचणीची.

दुसरा कायदा त्याहून महत्त्वाचा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे परदेशातून रीतसर बिल लावून, सीमाशुल्काला खरं सांगून नाणं आणता येतं, पण एकदा इथे आलं की परदेशी लिलावात विकायचा विचार सोडायचा. परदेशी संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर ते झालेलं नाणंच विकत घ्या. गुंतवणूक म्हणून या विषयात येऊ पाहणाऱ्यांना मी इथेच थांबवतो.

घरी आणलेलं नाणं उजळू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सराफाचा उजळा, यातलं काहीही नको. दोनशे वर्षांची करडी-निळी झाक एका मिनिटात जाते आणि तिच्याबरोबर अर्धी किंमत जाते. डाख देऊन कडी लावलेली आणि नंतर काढून घासलेली नाणी आपल्याकडे पुष्कळ फिरतात, घड्याळातल्या बाराच्या ठिकाणी कडेला आणि वरच्या अक्षरांवर भिंग फिरवा. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत नाणं ठेवलं की काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. रबरबँड आणि वर्तमानपत्र चांदी काळी करतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल ठेवा आणि गणपतीच्या सुमारास बदला.

सुरुवात कुठून करायची, तर आठ रिआलवर झडप घालू नका. एक टाकसाळ निवडा. मी तुम्हाला पोतोसी सुचवेन, शिवराई वाचलेल्या डोळ्यांना ती लवकर साधेल. तिथलं दोन रिआलचं कॉब, जेमतेम सात ग्रॅमचं, 'ई' अक्षराचं आणि खालची ओळ वाचता येणारं, इथून आरंभ करा. मग चेहऱ्याच्या काळातलं एक, मग ग्वाटेमालाची 'जी'-'एन जी' जोडी. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधन संस्थेत एक दिवस घालवा, अस्सल जुनी चांदी जवळून बघितली की डोळा बसतो.

आणि त्या १७८३ च्या नाण्यासाठी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: दोन दशांशांपर्यंत वजन, कडेचे चारही बाजूंनी फोटो, आणि ते बुडालेल्या जहाजातलं आहे की नाही याचं लेखी उत्तर. मिळालं की मला कळवा, एकत्र बघू.